उतार मोजायचाय तर जेसीबी यायच्या आधी मोजा: परवानग्या देणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सह्याद्रीतल्या उताराच्या जमिनींचा वापर बदलताना ज्यांची ज्यांची सही लागते ते सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नाव कुणाचंच घेत नाहीये, कारण हे एका खुर्चीचं काम नाही. एक जण एनएचा, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायचा, आदेश काढतो, दुसरा लेआउट मंजूर करतो, तिसरा मुरूम उपसल्याची रॉयल्टी भरून घेतो, चौथा झाडं तोडायला हरकत नाही म्हणतो, आणि डोंगराचं काय असं विचारलं की चौघंही सांगतात हा विषय आमच्या टेबलचा नाही. म्हणून चौघांना मिळून एकच पत्र लिहितोय आणि ते सगळ्यांसमोर लिहितोय. अर्ज करून झालेत, पोचपावत्या फाइलला लावून ठेवल्यात, पुढे त्यांचं काही होत नाही हे आता कळलंय.

निमित्त असं की आमच्या वाडीच्या डोक्यावर जो उतार आहे तिथे आणखी एका प्लॉटिंगला मंजुरी मिळाली. वरच्या अंगाला आधीचं एक आहेच, त्याच्या बाजूने बंगल्यांसाठी काढलेला रस्ता आहे, आणि आता हे नवीन त्या दोघांच्या मधोमध. आम्ही हरकत घेतली. उत्तर आलं ते जेमतेम तीन ओळींचं, सदर गटाचा उतार विहित मर्यादेत आहे, सबब हरकत निकाली काढण्यात येत आहे. या तीन ओळी मला मान्य नाहीत आणि का ते नीट सांगतो.

आधी माझा संबंध काय ते. त्या उताराच्या पायथ्याला माझं घर आहे, घरामागे विहीर, खाली ओहोळाच्या कडेने भाताची खाचरं. सातबाऱ्यावर आजोबांपासून आमचं नाव आहे. मी काही चळवळीतला माणूस नाही, गावाला रस्ता हवा म्हणून जे लोक तहसीलवर गेले होते त्यांच्यात मीही होतो, आणि पोरांना इथेच काम मिळणार असेल तर मला ते हवंच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही परवानगी देता ती एका गटनंबरला आणि एका तारखेला. उतार मात्र माथ्यापासून ओहोळापर्यंत अख्खा एक असतो, आणि वर काही केलं तर खाली त्याचा परिणाम दिसायला कधी दोन पावसाळे लागतात, कधी पंधरा. तोपर्यंत सही करणाऱ्याची बदली झालेली असते, प्लॉटवाला विकून मोकळा झालेला असतो, आणि खाली आम्ही असतो.

आता मुद्द्याने सांगतो. क्रम महत्त्वाप्रमाणे नाहीये, जसं आठवतंय तसं.

पहिली गोष्ट उतार मोजण्याची, कारण आमची हरकत त्याच्यावरच निकाली काढलीत. एकास पाचपेक्षा तीव्र उताराच्या डोंगरावर बांधकाम नको, हा नियम तुमचाच आहे. एकास पाच म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ, साधारण अकरा अंश. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांच्या वरचा उतार बघितला तर तो याच्या दुप्पट तिप्पट सहज असतो, त्याला मोजपट्टी लागत नाही, चढताना गुडघे सांगतात. मग असा उतार मर्यादेत कसा बसतो? तर आधी पोकलेन येतो. रस्ता करतोय, शेततळं करतोय, बांधबंदिस्ती करतोय असं काहीतरी सांगून उताराला पायऱ्या पाडल्या जातात, वरचा मुरूम कापून खालच्या बाजूला लोटला जातो, आणि ते सगळं सपाट झाल्यावर मग सर्व्हेवाला टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेऊन येतो आणि जे समोर दिसतं ते कागदावर मांडतो. कागदावर सगळं बरोबरच असतं. पायरीवर उभं राहून मोजलं तर उतार शून्यच येणार ना! आमच्या इथे हेच झालंय, आणि मी बाकीच्या तालुक्यांतल्या लोकांशी बोलतो तेव्हा तेही हेच सांगतात.

मुरूम लोटण्याबद्दल मुद्दाम लिहितो कारण हे कुणाच्या नकाशात नसतं. कापलेली बाजू सगळ्यांना दिसते, लाल उभी भिंत, ती फोटोत पण येते. भराव दिसत नाही. तो खालच्या झुडपांवर नुसता ओतलेला असतो, दाबलेला नाही, पायाला आधार नाही, आतमध्ये तोडलेल्या फांद्या आणि बुंधे तसेच गाडलेले. पहिले एकदोन पावसाळे त्याच्यावर गवत येतं आणि सगळं छान हिरवं दिसतं, व्हिडिओ काढून विकायला पण चांगलं. मग आतलं लाकूड कुजतं, पोकळ्या होतात, पाणी आत शिरायला वाटा मिळतात, आणि आता वरच्या त्या आधीच्या प्लॉटिंगच्या खालच्या कडेला मी स्वतः जाऊन पाहिलंय, कडेपासून दोनेक हात आत, कडेला समांतर अशी लांब भेग पडलीय, तिच्यात माझा हात मनगटापर्यंत जातो. कुणीतरी तिच्यात माती भरून वरून फरशी टाकलीय. फरशी पण बसलीय आता एका बाजूला.

दुसरी गोष्ट झाडांची. पंचनाम्यात झाडं मोजता ती चांगली गोष्ट आहे, पण तुमच्या यादीत जे झाड म्हणून बसतं तेच मोजता. कारवी कोण मोजतं? आमच्याकडचे उतार कारवीने धरलेले असतात, सात वर्षांनी फुलते ती, दाट, माणसाला आत शिरता येत नाही अशी. ती झुडूप, म्हणून परवानगी लागत नाही, जेसीबी एका दिवसात अख्खा उतार कारवीचा साफ करतो आणि कागदावर एकही झाड तुटलेलं नसतं.

आणि जी झाडं तुटतात त्यांचं पण ऐका. झाड तोडलं म्हणजे त्याच दिवशी माती सुटते असं नाही. मुळं जमिनीत असतात, ती मेल्यावर सुद्धा काही काळ माती धरून ठेवतात, मग हळूहळू कुजतात. नवीन झाडं लावली असतील तर त्यांची मुळं तेवढी खोल जायला वेळ लागतो. जुनी मुळं गेली आणि नवीन अजून आली नाहीत असा मधला काळ येतो, तो साधारण तोडणीनंतर तिसऱ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंतचा धरतात, आणि उतार सगळ्यात कमजोर असतो तो तेव्हा. हे काही मी शोधलेलं नाही, जगभर जंगलतोडीनंतरच्या दरडींचा अभ्यास झालाय त्यात हे पुन्हा पुन्हा आलंय. आता तुमची पद्धत बघा, तोडणीच्या वर्षी पाहणी, दुसऱ्या वर्षी फारतर एक भेट, आणि धोका सुरू होतो तेव्हा फाइल रेकॉर्ड रूमला. बदली लागवड कुठे केली तर वीस किलोमीटरवर सपाट गायरानात! तिथली रोपं जगली तरी इथला उतार कसा धरणार ते कुणीतरी समजावून सांगा.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि खरं तर सगळं इथेच येऊन थांबतं. आपला डोंगर म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मधे मधे तांबड्या मातीचे पातळ थर असतात ते पाणी खाली जाऊ देत नाहीत, म्हणून तर कड्यातून झरे फुटतात. वरचा कातळ कुजून मुरूम झालेला, मुरमावर माती, कुठे हातभर कुठे पुरुषभर. पावसाचं पाणी माती-मुरमात उतरतं आणि खालच्या टणक कातळावर अडतं. अडलं की आतला दाब वाढतो, वरचा थर हलका झाल्यासारखा होतो आणि त्या कातळावरून घसरतो. म्हणजे उतार टिकवायचा तर पाण्याला त्याच्या जुन्या वाटेने जाऊ देणं हे निम्मं काम आहे. आणि प्लॉटिंगमध्ये नेमकं तेच बदलतं. ओहोळाची छोटी वाट बुजवून तिथे सिमेंटचा एक पाइप, तोही पहिल्या पावसात पालापाचोळ्याने तुंबणारा. रस्त्याच्या गटाराचं सगळं पाणी एका वळणावर आणून सोडलेलं, जिथे पूर्वी ते दहा ठिकाणी पसरून उतरत होतं. बंगल्यांचे शोषखड्डे, लॉनला रोजचं पाणी, स्विमिंग पूलची गळती, हे सगळं बारा महिने उतारात मुरतंय, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधीच आतली माती ओली.

आमच्या घराच्या वर जी रिटेनिंग वॉल बांधलीय तिला पाणी निघायला भोकंच ठेवलेली नाहीत. एकही नाही. इंजिनिअर असलेल्या नातेवाइकाला दाखवली तर तो म्हणाला ही भिंत माती नाही अडवत, पाणी साठवतेय. मधोमध तिचं पोट पुढे आलंय, दोरी लावून बघा, लगेच कळतं. आणि विहिरीचं सांगायचं राहिलं, पूर्वी आमच्या विहिरीचं पाणी भर पावसात पण नितळ असायचं, आता श्रावण संपेपर्यंत तांबूस असतं, आणि वरचा झरा जिथून निघायचा तिथून न निघता खाली पंधरावीस पावलांवर नव्याच जागी निघायला लागलाय. जुनी माणसं म्हणतात झरा सरकला की डोंगराकडे लक्ष ठेवायचं. भूगर्भवाले पण धोक्याच्या खुणा म्हणून हेच सांगतात, नवीन पाझर, गढूळ पाणी, कललेले खांब, न लागणारी दारं. तुमच्या पाहणी अहवालात यातलं काही विचारणारा एक पण रकाना नाही.

चौथी गोष्ट तुकड्यातुकड्याने परवानगी द्यायची. पर्यावरण मंजुरी लागते ती २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर. प्लॉट पाडून विकणारा बांधतच नाही काही, बांधणार पुढे शंभर वेगवेगळे मालक, प्रत्येकाचा बंगला वेगळा, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, म्हणजे मर्यादा कधी ओलांडलीच जात नाही. वरचं प्लॉटिंग वेगळ्या गटात, रस्ता तिसऱ्याच खात्याचा, मुरमाची खाण चौथ्या माणसाच्या नावावर. प्रत्येक कागद आपापल्या जागी खरा. पण वरच्याने भराव टाकला, मधल्याने पाणी वळवलं आणि खाली रस्तावाल्याने पायथा कापला, तर हे तिन्ही एकाच उतारावर होतंय हे बघणारं कोण? उताराचा पायथा कापणं तर सगळ्यात वाईट, कारण वरचं सगळं वजन तिथे टेकलेलं असतं. मुंबई-गोवा हायवेसाठी परशुराम घाट रुंद करायला कापला तेव्हा वरच्या परशुरामच्या आणि खालच्या पेढ्याच्या लोकांना काय काय सोसावं लागलं ते चिपळूणकडच्या कुणालाही विचारा, २०२२ मध्ये घाटातली वाहतूक रोज काही तास बंद ठेवून काम करावं लागत होतं.

आता मला माहितीये यावर उत्तर काय येतं. अतिवृष्टी झाली, निसर्गापुढे कुणाचं चालत नाही.

पाऊस वाढलाय हे मला मान्य आहे, रोज त्याच पावसात राहतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, ऐंशीच्या वर माणसं गेली, त्याच पावसात पाटणमधलं आंबेघर आणि मिरगाव. असा पाऊस पडला तर हात न लावलेला डोंगर पण सुटू शकतो, हेही खरं, आणि प्रत्येक दरडीला प्लॉटिंगच जबाबदार आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण पाऊस तुमच्या हातात नाही म्हणता ना, मग जे हातात आहे तेवढं तरी बघा. वाढणारा पाऊस हे उताराला कमी हात लावायचं कारण आहे, तुम्ही ते जबाबदारी झटकायला वापरताय.

माळीणचं घ्या. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका, १५१ माणसं, आणि गाव गेलंय हे बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नंतर वाद झाला, पडकईच्या कामासाठी मशीनने सपाटीकरण केलं ते कारण की नुसता पाऊस. त्या वादाचा निकाल मी लावू शकत नाही. पण पडकई ही पद्धत तिथल्या आदिवासींची जुनी आहे, उतारावर दगडाचे बांध घालून भाताचं खाचर काढायचं, एकमेकांच्या शेतावर जाऊन, हाताने, थोडं थोडं. हाताने केलेल्या कामात माणूस मोठा दगड आला की वळसा घालतो, पाझर लागला की थांबतो. मशीन थांबत नाही. आमचे आजोबा पण वरकस जमिनीत, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत, नाचणी-वरी घ्यायचे, म्हणजे डोंगर पूर्वी कुणी शिवलाच नव्हता असं काही नाही, पण दोनतीन वर्षं पिकवून तुकडा टाकून द्यायचे, कारवी परत यायची, मोठी झाडं आणि त्यांची मुळं जागच्या जागी असायची. एका उन्हाळ्यात अख्खा उतार सोलायची ताकद तेव्हा कुणाकडेच नव्हती. नियम मात्र अजून त्या काळातले असल्यासारखे चालवताय.

वायनाडचं पण आठवा, तारीख तीच ३० जुलै, साल २०२४, मुंडक्कई आणि चूरलमला. दोनशेच्या वर माणसं गेली. त्याच डोंगररांगेत २०१९ ला पुथुमला गेलेलं, आणि त्याच्याही आधी १९८४ मध्ये मुंडक्कईलाच दरड आलेली. म्हणजे डोंगर सांगत होता. चहा-वेलचीचे मळे, मग रस्ते, मग रिसॉर्ट, असं पिढ्यान् पिढ्या होत आलेलं आहे तिथे, एका रात्रीत काही झालेलं नाही. तुम्ही म्हणाल ते केरळ. डोंगररांग तर आपलीच आहे.

पाचवी गोष्ट याद्या आणि नकाशे. आमची वाडी दरडप्रवण यादीत नाही असं आम्हाला अगदी दिलासा दिल्यासारखं सांगितलं जातं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली, २७ मृतदेह सापडले आणि बेपत्ता राहिलेल्या ५७ जणांना शेवटी मृत धरावं लागलं. इर्शाळवाडी पण यादीत नव्हती, हे विधिमंडळातच सांगितलं गेलं. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, याच्यापेक्षा मोठा पुरावा अजून काय हवाय? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर दरडींच्या शक्यतेचे नकाशे केलेत ते एकास पन्नास हजार प्रमाणावर, चांगलं काम आहे, पण त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. शंभर मीटर रुंदीची वाडी त्या नकाशावर दोन मिलिमीटर येते. अशा नकाशावर बोट ठेवून एका प्लॉटला हो किंवा नाही म्हणता येत नाही, आणि तो नकाशा तयार झाल्यावर जो उतार कापला तो त्यात येणारच नाही. नकाशा एकदा काढायचा आणि उतार दरवर्षी बदलायचा, मग मेळ कसा बसणार.

सहावी गोष्ट थोडक्यात. वरून सुटलेली माती कुठे जाते? आमच्या वरच्या खाचरात आता वीतभर मुरूम बसलाय, तिथे भात होत नाही. तिथून ओहोळात, ओहोळातून नदीत. चिपळूण-महाड २०२१ ला बुडाल्यावर वाशिष्ठी आणि सावित्रीतला गाळ काढायला सरकारलाच पैसे घालावे लागले. वर परवानगीचं शुल्क भरून घ्यायचं आणि खाली गाळ काढायचं टेंडर काढायचं, आणि डोंगर तसाच सुटत राहिला तर तो गाळ पुन्हा येणारच आहे.

आता एक टोमणा नेहमी ऐकतो तो पण घेतो, जमिनी विकल्या कुणी, तुमच्याच लोकांनी ना? हो, आमच्याच लोकांनी. कुणाच्या घरी आजारपण होतं, कुणाला लग्नाचं, कुणाला मुंबईत खोली घ्यायची होती, वरकस जमिनीचं उत्पन्न ते काय, त्यात वर्षाचा तेलमिठाचा खर्च पण निघत नाही. विकणाऱ्याने जमीन विकली, उतार कापायची परवानगी नाही विकली. ती त्याच्या हातात कधी नव्हतीच, ती तुमच्याकडेच होती. आणि ज्याने विकली नाही आणि खाली राहतो त्याने काय करायचं याचं उत्तर या टोमण्यात नाही.

आणि वरचं चित्र बघितलं तर तेही असंच. पश्चिम घाट कसा जपायचा यावर गाडगीळ समितीचा अहवाल आला २०११ ला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ ला. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना तेव्हापासून निघतेय, मुदत संपतेय, परत निघतेय. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला आला, वायनाडच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख! सहा राज्यांचं मिळून ५६,८०० चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, त्यातलं सतरा हजारांच्या वर आपल्या महाराष्ट्रातलं. मसुद्यातल्या सगळ्या अटी मला पटतात असं नाही, गावकऱ्याला स्वतःचं घर वाढवायला त्रास होईल अशी भीती आमच्याकडे पण आहे आणि ती दूर करायचं काम कुणी नीट केलं नाही. पण इतकी वर्षं फक्त मसुदाच असल्यामुळे झालंय काय, तर ज्याला घाई आहे त्याने मधल्या काळात सगळं करून घेतलं. मी ज्या उताराबद्दल लिहितोय तो पहिल्या मसुद्याच्या वेळी अख्खा कारवीने भरलेला होता. गूगल अर्थवर जुनं वर्ष लावा, अजून दिसतो.

तर मागण्या. सोप्या भाषेत लिहितो म्हणजे विषय आमच्या टेबलचा नाही असं म्हणता येणार नाही.

उतार मोजायचा तो मशीन लागायच्या आधीचा. ज्या जमिनीत आधीच पायऱ्या पाडल्यात तिथे सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे आणि इस्रोच्या भुवनवरची उंचीची माहिती काढून मूळ उतार धरा. परवानगीशिवाय उतार कापलेला असेल तर त्या गटाला काही वर्षं कसलीच परवानगी देऊ नका, नाहीतर गौण खनिजाचा, म्हणजे मुरूम उपसल्याचा, दंड भरून मोकळं व्हायचं हाच रस्ता राहतो, आणि दंड त्यांना परवडतो.

परवानगी गटाप्रमाणे देत असाल तरी हिशोब पाणलोटाप्रमाणे ठेवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याचे दीड हजारांच्या वर पाणलोट पाडून त्यांना नंबर देऊन ठेवलेत, नवीन काही शोधायची गरज नाही. ते मोठे वाटत असतील तर त्यांच्या आत ओहोळाप्रमाणे पोटभाग पाडा. प्रत्येक भागाचं एक रजिस्टर, त्यात किती कापलं, किती भराव, किती रस्ता, किती झाडं आणि हो, किती कारवी. नवीन अर्ज आला की आधी ते रजिस्टर उघडायचं, आणि चारही टेबलांना तेच एक रजिस्टर.

ज्याला परवानगी दिली त्याची जबाबदारी पंधरा वर्षं ठेवा. प्लॉट विकले तरी. अनामत रक्कम घ्या, भिंत फुगली, गटार तुंबलं, भराव सरकला तर त्यातून दुरुस्ती करा, आणि पंधरा वर्षं काही झालं नाही तर परत द्या, आमची काही हरकत नाही.

वर्षातून दोनदा पाहणी, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस संपल्यावर, आणि त्यात खाली राहणारा एक माणूस सोबत घ्या. भेगा, झरे, खांब, भिंती, एवढंच बघायचंय, हेलिकॉप्टर नको. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या बोर्डावर.

लेआउटचा नकाशा, त्यात भराव कुठे आणि पाणी कुठून जाणार हे दाखवून, ग्रामसभेपुढे मंजुरीच्या आधी ठेवा. आत्ता आम्हाला कळतं ते पोकलेनचा आवाज आल्यावर.

आणि आमच्या वरच्या त्या नवीन प्लॉटिंगची मंजुरी थांबवून मूळ उताराप्रमाणे पुन्हा तपासणी करा, आधीच्या प्लॉटिंगच्या भिंतीला भोकं पाडून पाण्याला वाट करून द्या, आणि त्या भेगेवरची फरशी काढून खाली काय चाललंय ते भूगर्भ कळणाऱ्या माणसाला दाखवा. हे शेवटचं या पावसाच्या आधी हवं. बाकीच्याला वेळ लागेल हे समजतो, याला नाही लागणार, एका दिवसाचं काम आहे.

उत्तर मला वैयक्तिक पाठवू नका. ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, तारीख आणि सहीसकट, म्हणजे बदली झाली तरी सही कुणाची होती ते राहील.

आपला,
उताराखाली राहणारा एक खातेदार